एका अणूचा आकार ऐकायचा कसा? अल्ट्रासाऊंड आणि क्वाड्रुपोलर कोंडोची गोष्ट

 

आजच्या विषयाचं नाव ऐकून एपिसोड बदलू नका. नाव आहे क्वाड्रुपोलर कोंडो इफेक्ट. यातला प्रश्न मात्र अगदी साधा आहे. धातूच्या एखाद्या तुकड्यात अब्जावधी इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि त्यांची वागण्याची एक ठरलेली शिस्त असते. मग त्यात एकच परका अणू आला, तर तो ही शिस्त कायमची बिघडवू शकतो का?

१९८७ साली एका शास्त्रज्ञाने कागदावर उत्तर मांडलं, की हो, विशिष्ट प्रकारचा अणू असेल तर बिघडवू शकतो. त्याचा भक्कम पुरावा आवाजाच्या मदतीने हाती लागला तो २०१९ साली. मधल्या बत्तीस वर्षांत अडचण काय होती आणि आवाजच का वापरावा लागला, ते आज बघू.

आधी कोंडो कोण ते बघू

आपण शाळेत शिकतो की धातू थंड केला की त्याचा विद्युतरोध कमी होतो. अणूंची थरथर कमी होते, इलेक्ट्रॉनना वाट मोकळी मिळते, सोपं आहे. खूप थंड केल्यावर रोध एका किमान आकड्यावर येऊन थांबायला हवा.

पण १९३४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सोन्याच्या तारेवर मोजमापं चालू असताना उलटंच दिसलं. काही केल्विनपर्यंत रोध कमी होत गेला आणि त्याच्याही खाली तो पुन्हा वाढायला लागला. हे का होतं, ते जवळजवळ तीस वर्षं कुणालाच नीट सांगता येईना.

१९६४ साली जपानच्या जुन कोंडो यांनी ते कोडं सोडवलं. सोन्यात लोखंडासारखे चुंबकीय अणू अगदी चिमूटभर मिसळलेले असतात. अशा अणूला स्पिन असतो, म्हणजे तो एक इवलासा चुंबक असतो. साध्या अशुद्धीवर इलेक्ट्रॉन आपटला तर दिशा बदलतो आणि निघून जातो, मागे काही उरत नाही. चुंबकीय अणूवर आपटला तर अणूचाही स्पिन उलटा होऊ शकतो. मग पुढच्या इलेक्ट्रॉनला समोर बदललेला अणू दिसतो. म्हणजे टकरी एकमेकींपासून सुट्या राहत नाहीत. त्यांचा परिणाम साचत जातो आणि तापमान जितकं खाली, तितका तो जास्त.

तो वाढतो कसा, हे लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. तो वाढतो लॉगरिदमने. साध्या भाषेत सांगायचं तर तापमान दर वेळी निम्मं केलं की परिणामात दर वेळी तेवढीच भर पडते. दुप्पट होत नाही, पण थांबतही नाही.

आता या गणिताचीही एक अडचण होती. तापमान शून्याकडे नेलं तर उत्तर अनंताकडे जातं आणि निसर्गात तसं होणार नाही. ही गाठ केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये सोडवली. १९८२ चं नोबेल त्यांना ज्या पद्धतीसाठी मिळालं, तीच पद्धत त्यांनी इथे वापरली होती. निष्कर्ष असा की एका ठराविक तापमानाखाली वाहक इलेक्ट्रॉन त्या अणूच्या स्पिनला सगळीकडून वेढतात आणि त्याचं चुंबकत्व झाकून टाकतात. बाहेरून बघितलं तर चुंबक जणू नाहीच. इलेक्ट्रॉन परत आपल्या शिस्तीला लागतात.

या शिस्तीला भौतिकशास्त्रात फर्मी द्रव म्हणतात. सोनं, तांबं, ॲल्युमिनियम अशा रोजच्या धातूंचं वागणं या कल्पनेने छान समजतं. म्हणजे साध्या कोंडो इफेक्टमध्ये अणू थोडा गोंधळ घालतो, पण शेवटी शिस्तच जिंकते.

चुंबक नसलेला अणू

आता आपला नायक. त्याचं नाव प्रेसिओडिमियम. हे एक दुर्मिळ मृदा मूलद्रव्य आहे. संयुगात त्याचा जो आयन असतो, त्याच्या आतल्या ४एफ कप्प्यात बरोबर दोन इलेक्ट्रॉन असतात. दोन ही सम संख्या आहे आणि तेच महत्त्वाचं आहे.

१९३० साली हेन्ड्रिक क्रामर्स यांनी एक नियम दाखवला होता. इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल, तर चुंबकीय क्षेत्र नसताना अणूच्या प्रत्येक अवस्थेला एक जोडीदार अवस्था असतेच. संख्या सम असेल तर ही हमी नाही. तरीही स्फटिकाची रचना पुरेशी सममित असेल तर सम संख्येतही अशी जोडी जमून येते. तिला नॉन-क्रामर्स जोडी म्हणतात.

प्रेसिओडिमियम, इरिडियम आणि जस्त यांचं एक संयुग आहे. एका प्रेसिओडिमियममागे दोन इरिडियम आणि वीस जस्त. यात प्रत्येक प्रेसिओडिमियम जस्ताच्या १६ अणूंच्या पिंजऱ्यात बसलेला असतो आणि स्फटिकाची ठेवण घनासारखी असते. इथे आयनाच्या सगळ्यात खालच्या ऊर्जेच्या पातळीवर अशीच नॉन-क्रामर्स जोडी सापडते.

गंमत म्हणजे या जोडीत चुंबकत्व नाही. मग दोन अवस्थांत फरक कशाचा? तर आकाराचा. आयनाभोवतीचा विद्युतभाराचा ढग एका अवस्थेत काकडीसारखा लांबट असतो आणि दुसऱ्या अवस्थेत थालीपीठासारखा चपटा. भाराच्या या असमान वाटणीला क्वाड्रुपोल म्हणतात, मराठीत चतुर्ध्रुव.

१९८७ साली डॅनियल कॉक्स यांनी विचारलं, की स्पिन उलटा होण्याऐवजी हा आकारच बदलत राहिला तर? इलेक्ट्रॉन येऊन आपटतो, काकडीचं थालीपीठ होतं, पुढच्या इलेक्ट्रॉनला वेगळा आकार दिसतो. कोंडोचा खेळ तोच, फक्त चुंबकाच्या जागी आकार. त्यांनी ही कल्पना मांडली ती युरेनियमच्या संयुगांसाठी, पण प्रेसिओडिमियमलाही ती तशीच लागू पडते.

दोन टोळ्या आणि न संपणारी ओढाताण

इथे एक मोठा फरक पडतो. आकार झाकायला येणारे वाहक इलेक्ट्रॉनही आकाराच्याच भाषेत बोलतात. पण त्यांच्याकडे स्पिनसुद्धा असतो, वर किंवा खाली. आणि आपल्या आयनाला त्या स्पिनशी काही देणंघेणं नाही. म्हणजे एकाच कामासाठी दोन अगदी सारख्या टोळ्या हजर. एक वर-स्पिनवाली, एक खाली-स्पिनवाली.

स्टेशनबाहेर एक प्रवासी आणि दोन रिक्षावाले आहेत असं समजा. भाडं सारखं, अंतर सारखं, दोघंही एकाच क्षणी पोचले. एकाला निवडायला कारणच नाही. आता आयनाकडे वळू. दोन्ही टोळ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन पाठवला तर झाकण गरजेपेक्षा जास्त होतं. जे उरतं ते पुन्हा एक क्वाड्रुपोलच असतं, फक्त उलट्या बाजूचं. त्याला झाकायला पुन्हा दोघं येतात, पुन्हा जास्त होतं. हे कुठेच संपत नाही.

दोन टोळ्यांचं हे चित्र फिलिप नोझिएर आणि ब्लांडां यांनी १९८० मध्ये मांडलं होतं. १९८४ मध्ये गणिताने नेमकं उत्तर मिळालं आणि त्यातला एक निष्कर्ष फारच विचित्र आहे. तापमान शून्याकडे नेलं तरी अणूची एन्ट्रॉपी शून्य होत नाही. दोन अवस्थांच्या जोडीची जेवढी एन्ट्रॉपी असते, तिच्या बरोबर निम्मी शिल्लक राहते. नाण्याला दोन बाजू असतात, पण इथे हिशेब केला तर अवस्था भरतात दोनाचं वर्गमूळ, म्हणजे साधारण १.४१. दीड बाजूसुद्धा नाही! १९९२ मध्ये एमरी आणि किवेल्सन यांनी दाखवलं की या निम्म्या हिश्शाचा संबंध मायोराना नावाच्या अवस्थेशी लावता येतो, म्हणजे जणू अर्ध्या इलेक्ट्रॉनसारख्या गोष्टीशी. क्वांटम कॉम्प्युटरवाल्यांना मायोरानात रस का असतो, ते आपण वेगळ्या भागात बघू.

आता दोन टोळ्या तंतोतंत सारख्या असणं ही कठीण अट आहे. २००७ मध्ये स्टॅनफर्डला क्वांटम डॉट वापरून दोन टोळ्यांचा कोंडो करून दाखवला, पण तिथे व्होल्टेज काळजीपूर्वक जुळवून दोन्ही बाजू सारख्या कराव्या लागल्या. प्रेसिओडिमियममध्ये हे फुकट मिळतं. चुंबकीय क्षेत्र नसेल तर वर-स्पिन आणि खाली-स्पिन निसर्गतःच सारखे. म्हणून लोक या पदार्थाच्या मागे लागले.

गर्दी कमी करा!

मग सरळ ते संयुग घ्यायचं आणि मोजायचं, नाही का? तिथेच तर अडतं.

शुद्ध संयुगात प्रत्येक पिंजऱ्यात प्रेसिओडिमियम आहे. शेजारी-शेजारी बसलेले हे आकार एकमेकांवर परिणाम करतात. ०.११ केल्विनला ते सगळे एका ठरलेल्या मांडणीत रांगा लावून बसतात आणि ०.०५ केल्विनला पदार्थ अतिवाहक होतो. हे शोधही मोठे आहेत, पण आपल्याला एकट्या अणूचं म्हणणं ऐकायचंय आणि इथे सगळी वारी एका सुरात टाळ वाजवतेय. एकाचाच टाळ कसा ओळखणार?

उपाय म्हणजे गर्दी विरळ करायची. प्रेसिओडिमियमच्या जागी यिट्रियम घालायचं. यिट्रियमचा विद्युतभार तेवढाच, पिंजऱ्यात तो नीट बसतो आणि त्याच्याकडे ४एफ इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणजे या विषयात तो गप्प. अशा विरळ केलेल्या स्फटिकांवर हिरोशिमा विद्यापीठातल्या ओनिमारू यांच्या गटाने काम केलं. २०१८ मध्ये यामाने, ओनिमारू आणि सहकाऱ्यांनी उष्णताधारकता आणि विद्युतरोध मोजले. दोन्हींत फर्मी द्रवाची शिस्त मोडलेली दिसली आणि मोडण्याची तऱ्हा दोन टोळ्यांच्या गणिताशी जुळत होती. उष्णताधारकतेला तापमानाने भागलं की लॉगरिदम, आणि रोधात तापमानाच्या वर्गमुळाचा हिशेब.

छान, पण पुरेसं नाही. उष्णताधारकतेत स्फटिकातली प्रत्येक गोष्ट मोजली जाते. रोधातही सगळ्यांचा वाटा. हा म्हणजे परिस्थितीजन्य पुरावा झाला. खुद्द क्वाड्रुपोलला विचारलंय कुणी?

चुंबकाने विचारता येत नाही, कारण या जोडीत चुंबकत्वच नाही. आकाराला प्रश्न विचारायचा तर आकारानेच विचारायला हवा. म्हणजे स्फटिक किंचित पिळायचा आणि आयन कसा प्रतिसाद देतो ते बघायचं. आणि स्फटिकाला सेकंदाला कोट्यवधी वेळा अगदी हलकं पिळणारी गोष्ट म्हणजे आवाज.

माठाला टिचकी

उन्हाळ्यात माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा. आवाज आतली गोष्ट सांगतो. अल्ट्रासाऊंडचं तत्त्व तेच, फक्त टिचकी खूप बारीक आणि खूप वेगवान.

स्फटिकाच्या दोन समोरासमोरच्या बाजू घासून एकदम समांतर करतात. त्यांवर लिथियम नायोबेट नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्या चिकटवतात. विजेचा धक्का दिला की ही चकती थरथरते आणि थरथरली की वीज देते. एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूने पकडायचा आणि मूळ सिग्नलशी ताडून बघायचा. धातूत आवाज सेकंदाला काही किलोमीटर धावतो, त्यामुळे काही मिलिमीटरचा स्फटिक तो डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी पार करतो. तरी या पद्धतीने वेगातला दहा लाखांत एक एवढा फरकही पकडता येतो.

वेग कळला की ताठपणा कळतो. वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक. वेग कमी झाला तर समजायचं की स्फटिक त्या दिशेने मऊ पडलाय.

कुठल्या दिशेने पिळायचं हेही ठरवावं लागतं. घनाकृती स्फटिकाच्या एका बाजूच्या कर्णाच्या दिशेने लहर सोडायची आणि कण हलवायचे त्याच बाजूच्या दुसऱ्या कर्णाच्या दिशेने. अशा लहरीने घन एका अंगाला ताणला जातो आणि दुसऱ्या अंगाला दबतो. काकडी आणि थालीपीठ यांच्यात फरक करणारं पिळणं ते हेच. आपल्याला हवा असलेला क्वाड्रुपोल या लहरीला उत्तर देतो.

२०१९ मध्ये हा प्रयोग फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. होक्काइदो विद्यापीठाचे तात्सुया यानागिसावा पहिले लेखक, सोबत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेतले झेर्लिट्सिन आणि वोस्निट्झा, आणि हिरोशिमाचे यामाने आणि ओनिमारू. चमूत हिरोशी आमित्सुका होते. त्यांनी १९९४ मध्येच थोरियमच्या संयुगात युरेनियम विरळ करून असाच शोध घेतला होता. म्हणजे हा माणूस पंचवीस वर्षं याच वाटेवर.

स्फटिकात प्रेसिओडिमियम किती होता? ३.४ टक्के. उरलेल्या ९६.६ टक्के पिंजऱ्यांत यिट्रियम.

मग ऐकू काय आलं?

इथे थोडं हळू जाऊ. थंड करत गेल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात.

पहिली शक्यता. आयन मोकळा आहे, त्याला कुणी झाकलेलं नाही. मग तापमान निम्मं केलं की आकाराचा प्रतिसाद दुप्पट होतो. याला क्युरीचा नियम म्हणतात.

दुसरी शक्यता. आयन पूर्ण झाकला गेला, साध्या कोंडोसारखा. किंवा स्फटिकातल्या काही दोषामुळे जोडीच फुटली आणि दोन अवस्थांच्या ऊर्जेत फरक पडला. दोन्ही वेळा प्रतिसाद एका आकड्यावर येऊन थांबतो.

तिसरी शक्यता. दोन टोळ्यांची ओढाताण चालू आहे. मग प्रतिसाद दुप्पटही होत नाही आणि थांबतही नाही. तापमान निम्मं करा, तेवढीच भर. पुन्हा निम्मं करा, पुन्हा तेवढीच भर. लॉगरिदम!

मोजमापात दिसलं ते असं. साधारण १ केल्विनपर्यंत स्फटिक क्युरीच्या नियमाने मऊ होत गेला. याचा अर्थ खाली खरोखरच नॉन-क्रामर्स जोडी आहे आणि ३.४ टक्क्यांइतकी विरळ असूनही ती शाबूत आहे. मग सुमारे ०.३ केल्विनच्या खाली, चुंबकीय क्षेत्र कमी असताना, वागणं बदललं आणि लॉगरिदम दिसला. तिसरी शक्यता.

०.३ केल्विन म्हणजे किती थंड? आकाशगंगांच्या मधल्या रिकाम्या अवकाशाचं तापमान सुमारे २.७ केल्विन असतं. त्याच्याही नऊ पट खाली. हेलियमची दोन रूपं मिसळून चालणाऱ्या फ्रिजने तिथे आणि त्याच्याही खाली पोचता येतं.

कमी क्षेत्राची अटही अर्थपूर्ण आहे. क्षेत्र वाढवलं की वर-स्पिन आणि खाली-स्पिन सारखे राहत नाहीत आणि जोडीसुद्धा फुटू लागते. एका रिक्षावाल्याने भाडं कमी केलं की भांडण मिटतं, तसं.

विश्वास किती ठेवायचा?

हा भाग मी मुद्दाम ठेवलाय, कारण विज्ञानाच्या बातम्यांत नेमका तोच गाळला जातो.

लॉगरिदम हा जरा फसवा पाहुणा आहे. खरी खात्री पटायला तो तापमानाच्या मोठ्या टप्प्यावर दिसायला हवा, आणि ०.३ केल्विनच्या खाली टप्पा फार उरत नाही. शिवाय नॉन-क्रामर्स जोडी नाजूक असते. क्रामर्सच्या नियमाचं संरक्षण तिला नाही. स्फटिकात आयन-आयनागणिक थोडा वेगळा ताण असेल, तर प्रत्येकाची जोडी थोडी वेगळी फुटेल आणि सगळ्यांची सरासरी काही टप्प्यापुरती लॉगरिदमसारखी दिसू शकेल. अशा विरळ संयुगांवर काम करताना ही शंका कायम डोक्यात ठेवावी लागते.

मग तरीही या प्रयोगाला वजन का? कारण तीन वेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत. उष्णता, रोध आणि आवाज. पहिल्या दोघांनी लांबून पाहिलं होतं, तिसऱ्याने थेट क्वाड्रुपोलला विचारलं. शिवाय त्याच आवाजाने १ केल्विनपर्यंतचा क्युरी नियमही दाखवला. म्हणजे ज्या जोडीवर सगळी गोष्ट उभी आहे ती जोडी तिथे असल्याचं आधी सिद्ध झालं आणि मग तिचं वागणं बदलताना दिसलं. पेपरच्या लेखकांनीही शब्द जपून वापरलाय, पुरावा. ती निम्मी एन्ट्रॉपी या मोजमापात थेट दिसलेली नाही, हेही लक्षात ठेवा. आवाजाने प्रतिसाद ऐकला, एन्ट्रॉपी मोजली नाही.

याचं करायचं काय?

तुमच्या पुढच्या मोबाईलमध्ये यातलं काही येणार नाही. ०.३ केल्विनचा फ्रिज खिशात मावत नाही!

पण फर्मी द्रवाची शिस्त कुठे आणि का मोडते, हा आजच्या पदार्थविज्ञानातला मोठा प्रश्न आहे. उच्च तापमानाच्या अतिवाहकांपासून जड इलेक्ट्रॉनांच्या धातूंपर्यंत अनेक ठिकाणी ती मोडलेली दिसते, पण तिथे एकाच वेळी इतक्या गोष्टी घडत असतात की दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही. इथे एक पदार्थ असा मिळतो जिथे सगळी गर्दी बाजूला करून एका आयनाला पकडता येतं. तो एकटाच शिस्त मोडत असेल, तर कारण त्याच्यातच शोधता येतं. आणि मग प्रश्न उलटा विचारता येतो. ३.४ टक्क्यांवरून हळूहळू प्रेसिओडिमियम वाढवत नेला तर एकट्याचं भांडण समूहाच्या रांगेत आणि अतिवाहकतेत नेमकं कधी बदलतं?

तुमच्यापैकी कुणी फिजिक्स घेतलं असेल आणि हे फक्त परदेशातच होतं असं वाटत असेल, तर मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दुर्मिळ मृदा संयुगांवर आणि कोंडोच्या पदार्थांवर अनेक दशकं काम झालंय. चौकशी करायला हरकत नाही.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती निम्म्याची. तापमान निम्मं केल्यावर प्रतिसाद दुप्पट झाला तर अणू मोकळा. थांबला तर झाकला गेलाय किंवा जोडी फुटलीय. आणि दर वेळी तेवढीच भर पडत राहिली, तर तिथे अजून भांडण चालू आहे.

काही अडलं असेल तर नक्की विचारा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला उत्तरं घेऊ. तोपर्यंत भेटत राहू, ऐकत राहा.